फिरून आलेली पोळी

जठारपेठेत कुणाच्या घरी आज भांडण झालं, कुणाची सून माहेरी गेली आणि कुणाचं सिलिंडर संपत आलंय, हे देवमनला कुणी सांगावं लागत नाही. तो पोळी हातात घेतो, अंगठ्यानं तिची कड दाबतो, उजेडाकडे धरून एकदा उलटी करतो आणि सांगतो. भांडणाची पोळी कडेला जाड आणि मधे पातळ असते, कारण लाटण्यावरचा सगळा राग मधोमध निघतो. सून माहेरी गेली की सासूच्या हातची पोळी येते. तिला तेल कमी आणि घडी जास्त. सिलिंडर संपत आलं की पोळीवर डाग पडत नाहीत, ती आजारी माणसासारखी पांढरीफटक डब्यात पडून असते. हे ज्ञान कुठल्या शाळेत मिळत नाही. मिळालं असतं तरी देवमनला ते हुकलं असतं, कारण शाळेत तो चौथीच्या पुढे गेलेलाच नाही.

त्याचं काम पोळ्या गोळा करण्याचं. मागं हौदा असलेला तीनचाकी ऑटो, सगळं अकोला त्याला पोळीची गाडी म्हणतं. सकाळी साडेआठला तो जठारपेठेच्या तोंडाशी दोनदा भोंगा वाजवतो आणि फाटकांना टांगलेले डबे उचलत निघतो. अकरापर्यंत गोरक्षण रोडपर्यंतची एकशे साठ घरं होतात. कुणाच्या चार पोळ्या, कुणाच्या सहा, एखाद्या एकत्र कुटुंबाच्या वीस. त्या सगळ्या दवाखान्याच्या मागच्या रस्त्यावरच्या अन्नकेंद्रात एका मोठ्या धोतराच्या कापडावर ओतायच्या. वरण, भात आणि एक भाजी केंद्रात शिजते, पोळी गावाची. जेवायला येतात ती दवाखान्यात आपलं माणूस ठेवून बाहेर बसलेली खेड्यापाड्यांतली मंडळी, ठिय्यावर उभं राहून काम न मिळालेले मजूर, आणि ज्यांना कुठून आलात विचारलं की जे हातानं नुसतंच मागं दाखवतात ते.

याआधी देवमन अकोटला एका जिनिंगमध्ये होता. तिथं तो रुईचा पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच फाडायचा आणि धागा किती लांब निघेल ते व्यापाऱ्याच्या आधी सांगायचा. जिनिंग बंद पडलं, बोटं तेवढी राहिली. आणि बोटांपेक्षा मोठी राहिली ती खोड. देवमनला भूक दोन प्रकारची लागते. पोटाची भागते. दुसरी, काय-झालं-कसं-झालंची, ती वरणभातानं भागत नाही.

मार्चमधल्या एका मंगळवारी या दुसऱ्या भुकेला खाद्य मिळालं. पंगत बसली होती. वाढायला पार्बताबाई, केंद्राचं ओगराळं गेली पाच वर्षं जिच्या हातात आहे आणि जिला ते उगारताही येतं. एका रंगाऱ्यानं पोळी मोडता मोडता हात थांबवला.

"बाई, हे पोयी मी काल खाल्ली होती काय?"

"खाल्ली असती तं आज कशी आली असती? जेव गुमान."

"नाई, ओळखीची वाटून राह्यली म्हनून इचारलं."

पंगत हसली. किशोरभाऊ हसले नाहीत. किशोरभाऊ म्हणजे केंद्र चालवणारे. त्यांचं शेजारीच झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे नियम सुचला की त्याच्या प्रती लगेच निघतात. भिंतीवर त्यांनी अकरा नियम लावलेत आणि पहिलाच नियम आहे, शिळं अन्न देऊ नये. त्यांनी ती पोळी वाकवली. पोळी कटकन मोडली. त्यांनी दोन्ही तुकड्यांचा फोटो काढून देणाऱ्या घरांच्या ग्रुपवर टाकला: ही कोणाच्या घरची? कृपया ताजे अन्न द्यावे. संध्याकाळपर्यंत त्रेपन्न बायांनी 'आमची नाही' असं लिहिलं आणि एकीनं गुलाबाचं फूल पाठवलं.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, देवमन प्रत्येक डबा ओतण्याआधी त्यात हात घालून पाहू लागला. कौशल्याबाईंच्या डब्यात हात घालायची खरं तर गरज नव्हती. जठारपेठेच्या मागच्या गल्लीतलं ते घर म्हणजे देवमनच्या मते पोळीची राजधानी. तिकोनी घडीची पोळी, पदर सुटे, चार वर्षं रोज सहा. एक दिवस खाडा नाही. तो डबा देवमन मुद्दाम शेवटी ओतायचा, म्हणजे त्या सहा पोळ्या ढिगाच्या वर राहतील आणि ढिगाचं तोंड चांगलं दिसेल. पण हात घातलाच आहे तर घातला. वरची पोळी कौशल्याबाईंची. खालची कौशल्याबाईंची. मधल्या चार मात्र चार वेगवेगळ्या हातांच्या, आणि त्यातल्या एकीत ओवा.

देवमननं ती पोळी नाकाशी धरली. ओवाच.

एकशे साठ घरांत पोळीच्या कणकेत ओवा घालणारं घर एकच, गोरक्षण रोडवरच्या पौर्णिमा मॅडमचं. मॅडम शिक्षिका; मंगळवारी आणि शुक्रवारीच पोळ्या देतात, फोनवर बोलता बोलता लाटतात, म्हणून त्यांच्या पोळीला आकार जिल्ह्याच्या नकाशाचा येतो. आज बुधवार. म्हणजे ही पोळी कालची. काल देवमननंच ती गोरक्षण रोडवरून आणून या कापडावर ओतली होती. मग ती रात्रीतून शहराच्या दुसऱ्या टोकाला जठारपेठेत कशी पोचली? त्यानं ती पोळी कागदात गुंडाळून सीटखाली ठेवली. पुरावा म्हणून.

दुपारी तो पौर्णिमा मॅडमच्या दारात.

"मॅडम, जठारपेठेत तुमचं कोनी हाये काय?"

"नाही हो. माझं सगळं माहेर अमरावतीला. का?"

"तिकडं कोनाले पोया-गिया पाठवता काय?"

"देवमनभाऊ, पोळ्या मी तुम्हालाच देते." मॅडम जरा घाबरल्या. "कच्ची होती का?"

"नाई नाई, लय चांगली. फक्त लय फिरते."

मॅडमना काही कळलं नाही. देवमनला मात्र कळलं की पोळी केंद्रातूनच बाहेर पडते आहे. आणि केंद्रात त्या ढिगाला हात लावणारी बाई एकच. आता शहाणा माणूस इथं थांबला असता. देवमन सरळ पार्बताबाईसमोर जाऊन उभा राहिला.

"पार्बताबाई, खरं सांग. उरलेल्या पोया कोनाले देतं तू?"

"म्हैशीले."

"ते म्हैस जठारपेठेत राह्यते काय?"

पार्बताबाईनं ओगराळं खाली ठेवलं. ते ती फक्त दोन प्रसंगी ठेवते, राष्ट्रगीताला आणि भांडणाला.

"देवमन्या, तीस वर्सं लोकायच्या घरी भांडे घासले म्या. एक चमचा इकडचा तिकडं झाला नाई. अन् तू मले पोयीचोर म्हनतं? अन् उरते कोठी रे पोया? आं? रोज चाळीस-पन्नास कमी पडते. शेवटच्या लोकायले भातावर भात वाढा लागते. तुले दिसत नाई, तू तं गाडीत बसून पोयीचे हात पाहत राह्यतं, जोतिषावानी!"

देवमननं कान पकडले, नंतर न सांगता पाच किलो कांदे चिरले. कांदे संपता संपता पार्बताबाईचा राग उतरला, तेव्हा तिनंच धागा दिला.

"बाहेर जाते त्या फक्त डब्यातल्या. ज्याचा मानूस वार्डात हाये, तो डबा आनते, दोन मानसाचं नेते. बाकी सगळे ठीक हाये. पन त्या टोपीवाल्या काकाचा पेशंट काही बरा होऊन नाई राह्यला बावा. दिवाळीपासून पडून हाये."

"कोनत्या वार्डात?"

"एक दिवस म्हने हाडाच्या. एक दिवस म्हने छातीच्या. आता बाळंतिनीचाच राह्यला."

"मंग देतं काहून तू?"

"खोटं बोलाले बी ताकद लागते बापा. भुकेला असल्याबिगर एवढी मेहनत कोन घेते?"

गुरुवारी दुपारी देवमन पाण्याच्या टाकीमागं उभा राहिला. पावणेबाराला टोपीवाले काका आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढरी टोपी, हातात कापडात बांधलेला डबा. ते रामराव होते, कौशल्याबाईंचे यजमान. टिळक रोडवरच्या एका कापड दुकानात पस्तीस वर्षं ते लुगड्यांच्या गादीवर होते. मालकाच्या मुलांनी तिथं मोबाइलचं दुकान काढलं, आणि मोबाइल काही वारानं मोजून फाडता येत नाही. मुलगा गजेंद्र पुण्याला, पण त्याचंच तिथं भागत नव्हतं. देवमन त्यांना रोज सकाळी पाहायचा; म्हणजे ओसरीवर उघडलेलं वर्तमानपत्र आणि त्याच्यावर टोपी, एवढंच पाहायचा.

"आज जरा ताप आहे त्याला," रामराव पार्बताबाईला म्हणाले.

"हो का? आराम करू द्या." पार्बताबाईनं डबा भरला. चार आणि चार, आठ पोळ्या. रामरावांनी डब्यावरून कापडाची घडी दोनदा मारली, कोपरे आत खोचले, जणू आत नऊवारी आहे आणि गिऱ्हाईक मुलीच्या लग्नाचं आहे. नंतर कुणाकडे न पाहता निघून गेले.

टाकीमागं देवमननं सगळं जुळवलं. पोळी सकाळी गोरक्षण रोडवरून निघाली, दुपारी दवाखान्यामागं उतरली, रात्री जठारपेठेत मुक्कामाला गेली आणि सकाळी परत ड्यूटीवर हजर. अकोट-अकोला एसटीसुद्धा एवढ्या फेऱ्या न बिघडता मारत नाही. नवरा-बायको आठ पोळ्या आणतात. चार खातात. चार ठेवतात, त्यांच्यावर आणि खाली एकेक ताजी लावतात, आणि सहा करून देतात. कसं ते कळलं. का ते मात्र काही केल्या कळेना. ज्यांच्या घरी पीठ दोन पोळ्यांपुरतं, त्यांनी खायच्या सोडून चार वाटायच्या कशाला?

शुक्रवारी किशोरभाऊंनी नवा नियम काढला. सोमवारपासून प्रत्येक डब्यात चिठ्ठी हवी, नाव आणि गल्ली. आडनाव नको, आडनाव लिहिलं की पोळीला जात लागते आणि पंगतीत अर्धे लोक आधी चिठ्ठी वाचतात. प्रत्येक डबा किशोरभाऊ स्वतः उघडणार. शिळी निघाली तर घर यादीतून कमी आणि नाव ग्रुपवर.

त्या ग्रुपवर कौशल्याबाईंची अख्खी गल्ली होती. किशोरभाऊंना आत्ताच सांगून टाकावं, असं एकदा देवमनच्या मनात आलं. माणूस वाईट नव्हता. ऐकताच मदत केली असती, धान्याची पिशवी घेऊन स्वतः गेला असता. पण फोटो काढून केली असती.

शनिवारी त्यानं गल्लीतले सगळे डबे उचलले, गाडी कोपऱ्यावर लावली आणि पायी परत आला.

"काकू, पानी भेटन काय?"

कौशल्याबाईंनी लोटाभर पाणी आणलं. नुसतं पाणी देत नाहीत म्हणून बशीत गुळाचा खडा आणला. एकच. पाणी पिताना देवमनची नजर दारातून आत गेली. फळीवरचे डबे ओळीनं चकचकीत. भरलेले डबे इतके चकचकीत नसतात, त्यांना पिठाचे हात लागलेले असतात.

"काकू, सोमवारपासून डब्यात नावाची चिठ्ठी टाका लागते."

"काहून?"

"कोनाची पोयी कोनती, ते समजलं पाह्यजे म्हने."

कौशल्याबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुमाले तं चिठ्ठीबिगर समजते ना देवमनभाऊ."

"समजते."

ओसरीवरचं वर्तमानपत्र हललं नाही. बराच वेळ त्याचं पान उलटलं नव्हतं.

"कवापासून समजलं?"

"बुधवारपासून. ओवा होता."

"ओवा," कौशल्याबाई म्हणाल्या, चोर सापडल्यासारख्या. "मले वाटलंच. तव्यावर टाकली तवाच वास आलता." आणि लगेच ताठ झाल्या. "पन खराब नोयत्या. पान्याचा हात लावून, दोन्ही बाजूनं शेकून देतो आमी. उनानं वायल्या, कडक झाल्या असन एखादवेळेस."

"राग नका येऊ देऊ काकू, पन तुमी खाऊन टाका ना त्या. देता काहून?"

हा प्रश्न तीन दिवस त्याच्या गळ्यात अडकलेला होता. तो बाहेर पडल्यावर त्यालाच बरं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं.

"या गल्लीत पह्यला डबा कोनाचा होता?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"तुमचा."

"मीच घरोघर फिरली. म्हनलं, बाईहो, दोन पोया जास्त लाटल्यानं हात झिजत नाई. आता मीच बंद करू? समोरची उद्या सकायीच म्हनन, काहून वो काकू, आज डबा नाई? पह्यले चुलीचा धूर पाहून समजे कोनाच्या घरी शिजलं अन् कोनाच्या नाई. आता गॅस हाये, धूर नाई. पन फाटकावरचा डबा दिसते." त्या थांबल्या, ओसरीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अन् हे त्या लाइनीत उभेच राह्यत नोयते. मी म्हनलं, आपन फुकटचं थोडी आनतो, देतो बी ना आपन! त्या डब्याच्या जोरावर उभे राह्यते ते तठी."

देवमननं गुळाचा खडा तोंडात टाकला आणि तो विरघळेपर्यंत गप्प राहायचं ठरवलं. पण खोड ती खोड.

"अन् रविवारी? केंद्र तं बंद असते."

"रविवारी उपास असते आमचा. सूर्यनारायनाचा."

"शनिवारचा भात असतो," वर्तमानपत्रामागून आवाज आला. रामराव पहिल्यांदाच बोलले होते. "पाण्यात घालून ठेवलेला. खोटं कशाला सांगतेस कौशल्या, मी रोज सांगतो तेवढं पुरे आहे."

जे कुणाला सांगत नसे, तेच देवमननं तेव्हा सांगून टाकलं.

"काका, जिनिंग बंद पडल्यावर चार महिने मी त्याच लाइनीत होतो. पार्बताबाई सात महिने होती. भाजी चिरनारे दोघं बी लाइनीतलेच. ते लाइन जठी संपते ना, तठीच केंद्राचा मागचा दरवाजा हाये. एक-एक जन आत गेला."

"मले वाटलं तुमाले नोकरीवर ठेवलं," कौशल्याबाई म्हणाल्या.

"नोकरीच हाये आता. पह्यले भूक होती."

कौशल्याबाईंनी लोटा उचलला. बशी उचलली. जाता जाता, जणू वांग्यांचा भाव विचारतात, तसं विचारलं, "पोया कमी पडते काय वो तठी?"

"रोज चाळीस-पन्नास. पिठाचे कट्टे पडून हायेत. लोक पीठ देते, फोटो काढते अन् जाते. लाटाले कोनी नाई. पार्बताबाईच्या मनगटात आता जोर नाई."

"हं," कौशल्याबाई म्हणाल्या. "सोमवारी डब्यासाठी थांबू नका."

फाटक लागलं. आपण काकूंचं घर वाचवलं की बुडवलं, हे देवमनला कळेना. रविवारी पोळीची गाडी नसते, त्यामुळे त्या दिवशी त्याला कुणाचंच काही कळत नाही. तो रविवार त्याला फार मोठा गेला. ताटावर बसला की पाण्यातला भात डोळ्यांपुढे यायचा.

सोमवारी त्यानं ठरवलं होतं, मागच्या गल्लीत भोंगा वाजवायचाच नाही, गुपचूप डबे उचलायचे. पण चार वर्षांचा अंगठा, तो वाजवून मोकळा झाला. कौशल्याबाईंच्या फाटकावर डबा नव्हता. समोरच्या बाई झाडू घेऊन बाहेरच होत्या. व्हायचं तेच झालं.

"काहून वो काकू, आज डबा नाई?"

दार उघडलं. कौशल्याबाई बाहेर आल्या, पदर कमरेला खोचलेला, हातात पिशवी, पिशवीतून पोळपाटाची कड आणि लाटण्याचं टोक बाहेर.

"डबा काय करते? मीच चाल्ली ना आज. तठी लाटनाऱ्यायच्या हाताले वळन नाई म्हने." आणि देवमनला, "पाहता काय? सरका."

त्या पुढं त्याच्या बाजूला बसल्या. रामराव मागं हौद्यात, डब्यांच्या मधोमध, एका हातानं दांडा आणि एका हातानं टोपी धरून. समोरच्या बाई झाडू तसाच धरून पाहत राहिल्या. त्यांना विचारायला आणखी काही सुचायच्या आत गाडी कोपऱ्यावरून वळली.

केंद्रात किशोरभाऊ चिठ्ठ्या तपासायला टेबल मांडून बसले होते.

"काकू, तुमचा डबा?"

"मीच आली. मले लावता काय चिठ्ठी?"

किशोरभाऊंच्या आता बारा झालेल्या नियमांत यावर काही नव्हतं. ते आधी गोंधळले, नंतर हसले आणि उठून पंख्याचं तोंड परातीकडे फिरवलं.

पहिल्या तासात दोन्ही बायांचं तीनदा वाजलं. पार्बताबाईची कणीक सैल, कौशल्याबाईंना घट्ट लागते. कौशल्याबाई तेल जास्त लावतात, पार्बताबाईच्या मते हे लग्न नाही. पण साडेबारापर्यंत नव्वद पोळ्या उतरल्या, आणि त्या दिवशी शेवटच्या माणसाला भातावर भात मिळाला नाही. रामराव मात्र सवयीनं लाइनीतच जाऊन उभे राहिले होते. हातात डबा नव्हता, तरी. त्यांचा नंबर आला.

"काका, पेशंट कसा हाये?" पार्बताबाईनं विचारलं.

रामरावांनी टोपी सारखी केली. "सुट्टी झाली त्याला."

"बरं झालं. मंग अठी या, अलीकडून. चार-चार मोजून द्या लोकायले, माहे हात भरले हायेत."

रामरावांनी पोळ्यांचा ताबा घेतला. प्रत्येक चौकडीची ते घडी घालत, कडा जुळवत आणि दोन्ही हातांनी समोरच्याला देत. ठिय्यावरच्या एका मजुरानं ती घडी उलटसुलट करून पाहिली आणि शेजाऱ्याला विचारलं की आज कोण मेलं, एवढं नीट काहून देऊन राह्यले.

अडीचला सगळं आवरलं की केंद्रातली माणसं जेवायला बसतात. पहिल्या दिवशी कौशल्याबाई रस्त्याकडे पाठ करून बसल्या. मंगळवारीही. बुधवारी उकाडा फार होता आणि वारा रस्त्याच्याच बाजूनं येत होता, तेव्हा त्या तोंड फिरवून बसल्या.

चिठ्ठ्यांचा नियम गुरुवारी मेला. एका म्हाताऱ्यानं घास चावता चावता तोंडातून कागद काढला आणि 'प्रणाली, गल्ली नंबर तीन' ही कोण, असं सगळ्या पंगतीला विचारलं. त्या दिवशी किशोरभाऊंनी देवमनला बाजूला घेतलं.

"देवमनभाऊ, तुमची बोटं एवढी हुशार. ती शिळी पोळी कोणाची होती, काही शोध?"

"भाऊ, उन्हाळा हाये," देवमन म्हणाला. "पोयी कोनाची बी वायते."

"आणि या काकू एकदम कशा काय आल्या?"

"गाडीत बसून."

किशोरभाऊंनी त्याच्याकडे संशयानं पाहिलं. ज्या माणसाला गल्लीतल्या सिलिंडरांच्या तारखा माहीत, तो एवढ्यावर थांबतो हे त्यांना पटलं नाही. पण झेरॉक्सचं गिऱ्हाईक आलं, त्यांना जावं लागलं.

शनिवार आला. शनिवारी जेवणं झाली की पार्बताबाई पिठाचा कट्टा, म्हणजे पोतं, उघडते आणि केंद्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला रविवारपुरतं पीठ नि मूठभर तुरीची डाळ देते. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही; किशोरभाऊ त्या वेळी मुद्दाम दुकानात असतात. भाजी चिरणाऱ्या दोघांनी पिशव्या धरल्या. देवमननं धरली. कौशल्याबाई पाठमोऱ्या, नळावर परात घासत बसल्या होत्या. परात कधीच स्वच्छ झाली होती. त्या घासतच होत्या.

पार्बताबाईनं हाक मारली नाही. मापटं पिठात रोवून ती उभी राहिली. देवमनही पिशवीचं तोंड बांधायचं सोडून उभा राहिला. आता काय होतं, ते पाहिल्याशिवाय तो जाणार नव्हता.

रामरावांनी खिशात हात घातला आणि कापडाची एक पिशवी काढली. जुन्या दुकानाची होती, दुकानाचं नाव धुऊन धुऊन गेलेलं, पण घडी कडक. त्यांनी ती उलगडली, झटकली आणि दोन्ही हातांनी तोंड उघडून कट्ट्यापुढे धरली.

पार्बताबाईनं एक माप टाकलं. दुसरं टाकलं. पिशवी भरली.

नळ बंद झाला. कौशल्याबाई परात निथळत आल्या, पिशवीत डोकावल्या आणि नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "अवो, एवढुशी काहून आनली?"